समेवर पडणारा पाय

लीलामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "झोपाळ्यावर होती का?" तिचा मुलगा महेश म्हणाला, "अगं, दवाखान्यात होती ती. पलंगावरच गेली." मला रडू यायच्या आधी रागच आला. जन्मभर जी बाई स्थिर बसली नाही, तिला शेवटी उताणं निजवून ठेवलं होतं...

तुळिंजच्या तिच्या फ्लॅटमध्ये हॉल म्हणजे झोपाळाच. बिल्डिंग उभी राहत असतानाच तिने स्लॅबमध्ये हूक बसवून घेतले होते. सोफा कधी आलाच नाही. दुपारी कामं उरकली की टेपरेकॉर्डरवर कॅसेट लावायची आणि तालाच्या आवर्तनात झोके बसवायची. फिरून पहिली मात्रा, म्हणजे सम, आली की डावा पाय फरशीवर... धप्प! शाळेत असताना मला सम काही केल्या कळायची नाही. तिने मला शेजारी बसवलं. "कानाने शोधू नकोस गं. झोका खाली येताना पोटात गोळा येतो ना? तसं गाणं खाली यायला लागलं की पाय सोड." चार दुपारी चुकले, पाचव्या दुपारी दोघींचे पाय एकदम पडले. तेव्हापासून मला खुर्चीत बसून गाणं ऐकताच येत नाही, आणि त्याची मला अजिबात लाज वाटत नाही.

आमचे पाय पडायचे ते खालच्या मजल्यावरच्या राऊतकाकांच्या डोक्यावर. काका जुन्या वसईकर घरातले, सोसायटीचे सेक्रेटरी. ते काठीने छत ठोकायचे. मग मावशी खिडकीतून ओरडायची, "ठोकायचं तर समेवर ठोका हो!" शेवटी त्यांनी नोटीसच धाडली: स्लॅबला धोका आहे, झोपाळा सात दिवसांत काढावा. मीटिंगला मीही तिच्यासोबत गेले. काका म्हणाले, "लीलाबाय, गानं ऐकू नका असं कोन बोलतंय? पन जरा गप बसून ऐका ना!"

"गप बसायला मी काय भिंत आहे?" मावशी कडाडली. "मला नुसते कान पुरत नाहीत, अख्खं अंग लागतं. भजनाला टाळ्या पिटता तेव्हा देतं का कोणी तुम्हाला नोटीस? इंजिनियर आणा. तो धोका म्हणाला तर मीच काढते."

इंजिनियर काही आला नाही. नोटिशीची घडी करून तिने ती डुगडुगत्या टेपरेकॉर्डरखाली सरकवली. पुढे चक्कर यायला लागली, डॉक्टर नको म्हणाले, महेशने हात जोडले. तरी झोपाळ्याची कडी घट्ट धरून बसायचीच. "पडले तर इथूनच पडेन," म्हणायची.

तेराव्याला माणसं जेवून गेल्यावर महेश म्हणाला, "फ्लॅट भाड्याने द्यायचाय. उद्या हूक कापून घेतो."

"हात तर लाव!" मी म्हटलं. कॅसेट लावली, झोपाळ्यावर बसले, झोका घेतला. डोळ्यांत पाणी... सम आली आणि पाय हवेतच राहिला. तेवढ्यात खालून काठीचा ठोका आला. एकच, अगदी समेवर. महेशने फ्लॅटची किल्ली माझ्या हातावर ठेवली.

याला महिना झाला. हूक जागेवर आहेत. दर रविवारी दुपारी मी तुळिंजला जाते, कॅसेट लावते, पाय सोडते, आणि खालून काठी येते. चुकते ती मीच. राऊतकाका अजून एकदाही चुकलेले नाहीत.