सातव्या वर्षाआधीची साक्ष

डहाणूजवळच्या कैनाड गावच्या नलूताईंचं नाव आधी लिहिते, मग माझं दुखणं. त्या नसत्या तर माझ्या दुखण्याला नावच मिळालं नसतं. वेंधळी, उंडगी, पोटच्या पोरीची काळजी नसलेली, हीच नावं मला आयुष्यभर पुरली असती.

तलासरीला हायवेजवळ एका खाजगी दवाखान्यात दर गुरुवारी गुजरातेतल्या वलसाडहून मनाच्या आजारांचे डॉक्टर येत. त्यांनी कागदावरून मान वर केली आणि म्हणाले, "शोभाबेन, तुम्हाला अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर आहे. आज झालेला नाही, लहानपणापासून आहे."

मी एवढंच विचारलं, "मग माझी पोरगी मला परत मिळेल का?"

डॉक्टरांनी माझ्या शेजारी बसलेल्या सासूबाईंकडे बघितलं. पोरगी त्यांच्या मांडीवर होती.

इथपर्यंत कशी आले ते सांगते. माझ्यासारखी कुणी कुठे असेल तर तिला उपयोगी पडेल.

माझं माहेर आणि सासर दोन्ही आजऱ्याकडचं, कोल्हापूर जिल्ह्यात. दोन घरांच्या मध्ये एक ओढा. मी बारा वर्षांची असताना आई गेली. चूल माझ्याकडे आली आणि सातवीतून शाळा सुटली. पुढे आत्याच्या मुलाशी लग्न झालं. आमच्यात मामाच्या मुलीवर पहिला हक्क आत्याच्या घराचा. हे रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाडीसाठी रूळ बदलून देणारे. त्यांची बदली डहाणूला झाली आणि मी इथल्या रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आले. इथे बाजारात मराठी, शेजारी गुजराती, चिकूच्या वाडीवर, म्हणजे बागेत, वारली. सगळं कळायला लागलं, पण आजऱ्याची भाषा कानावर पडत नसे. कुणी नुसतं "काय कराय लागलीस गं" म्हणालं असतं तरी मी रडले असते.

माझी पोरगी पिंकी चार वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. कासा गावच्या बाजाराला आम्ही जीपने गेलो. जीप गच्च भरलेली. पिंकी माझ्या शेजारी गोणपाटावर डोकं ठेवून झोपली होती. उतरल्यावर समोर एक बाई सुकट ओतत होती, तिच्या मागे कुणीतरी भांडत होतं, पलीकडे तांब्याची भांडी उन्हात चमकत होती. मी बघत राहिले. वांगी घेतली. भावही केला. पिशवी उजव्या हातातून डाव्या हातात घेताना कळलं, डाव्या हातात पोरगी असायला हवी होती.

झोपलेल्या पिंकीला घेऊन जीप पुढच्या आदिवासी पाड्यांकडे निघून गेली होती. ड्रायव्हर भला माणूस. तासाभराने तो तिला परत घेऊन आला. पिंकी रडत नव्हती. तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा ड्रायव्हरच्या गळ्यात हात घातले. त्या तासापेक्षा ते मला जास्त लागलं.

ह्यांनी घरी पत्र लिहिलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आल्या आणि पिंकीला घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, "तुझ्याजवळ कोंबडंबी ठेवू नये, शोभे." मलाही तसंच वाटत होतं.

पोरगी गेली तशी घरात बसवेना. म्हणून चिकूच्या हंगामात नलूताईंच्या वाडीवर फळं निवडायला जाऊ लागले. नलूताई तिथल्या मालकीण. साठीच्या पुढच्या, तोंडाने फटकळ. काम साधं होतं. कडक चिकू दिल्लीच्या खोक्यात, जरा मऊ लागलेला जवळच्या बाजारात. दिल्लीच्या खोक्यात एक जरी मऊ चिकू गेला तरी वाटेत तो बाकीच्यांना पिकवतो. खोकं उघडेपर्यंत त्याचा लगदा झालेला असतो.

माझ्या हातून असे मऊ चिकू जायचे. बोटांना कळायचं मऊ आहे, पण तेवढ्यात डोक्यात पिंकीचा फ्रॉक यायचा, फ्रॉकवरून शिलाईमशीन, मशीनवरून आईचा हात, आणि चिकू कुठल्या खोक्यात पडला ते कळायचं नाही. बाकीच्या बाया हसायच्या. "शोभाबाईंचं विमान उडालं. उतरलं की सांगा, चहा ठेवते."

खोकी खराब निघाल्याचा दिल्लीहून निरोप आला तेव्हा मला वाटलं, झालं, हेही सुटलं. नलूताईंनी मला काढलं नाही. आठ दिवस त्या माझ्यासमोर स्टूल टाकून बसल्या. मग म्हणाल्या, "तू कामचुकार नाहीस. कामचुकार माणूस मी लांबून ओळखते. तुझं लक्ष जागेवर राहत नाही आणि तू दिवसभर त्याच्या मागे धावून दमतेस. माझ्या भाच्याचं असंच होतं. त्याला डॉक्टरांनी दाखवून दिलं की हा आजार आहे."

"तो पोरगा आहे, ताई. मी सत्तावीस वर्षांची बाई."

"मग काय, आजार वय विचारून येतो?"

पहिल्या गुरुवारी त्या माझ्याबरोबर एसटीने तलासरीला आल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात एकच बाक होता. मी पाच वेळा उठले. त्या एकदाही "बस" म्हणाल्या नाहीत.

डॉक्टरांनी तासभर विचारलं. दूध उतू जातं का, किल्ल्या हरवतात का, कुणी बोलत असताना मध्येच लक्ष दुसरीकडे जातं का, रांगेत उभं राहवतं का. मी हो हो म्हणत गेले आणि शरमेने खाली बघत गेले. मग त्यांनी थायरॉइडची रक्ततपासणी सांगितली. गळ्यातली ही ग्रंथी बिघडली तरी माणूस असा अस्वस्थ होतो. ईईजी सांगितला. त्यात डोक्याला तारा लावून मेंदूतल्या विजेचा आलेख काढतात, हरवल्यासारखं होणं म्हणजे बारीक फिट तर नाही ना, हे त्यात बघतात. तो वलसाडला झाला. दोन्ही चांगले आले. आजार निघाला नाही म्हणून वाईट वाटणारी मी पहिलीच असेन.

तिसऱ्या गुरुवारी डॉक्टर म्हणाले, "एक गोष्ट बाकी आहे. हा आजार मोठेपणी सुरू होत नाही. पुस्तकाप्रमाणे सात वर्षांच्या आधीपासून खुणा दिसायला हव्यात. तुमचं स्वतःचं सांगणं पुरत नाही. तुम्हाला लहानपणी पाहिलेलं माणूस आणा. आईला आणा."

आई नव्हती. वडील लग्नाच्या दुसऱ्या वर्षी गेले. मला पाळण्यापासून पाहिलेलं माणूस जगात एकच उरलं होतं, आत्याबाई.

मी घरी आले आणि ठरवलं, पुरे झालं. आत्याबाईंना काय लिहू? की मी मनाच्या डॉक्टरकडे जाते, येऊन सांगा मी कशी आहे? माझ्याविरुद्धच्या साक्षीदाराला मीच बोलावू? एकदा डॉक्टरांच्या कागदावर चढलं की पिंकी कायमची आजऱ्याला राहिली असती. हेही म्हणाले, "बघ बाई, आईच्या हातात कोलीत देऊ नकोस."

नलूताईंना सांगितलं. त्या चिकू चाचपत म्हणाल्या, "तशीही ती तिथेच आहे ना? लिहिलंस तर निदान काहीतरी होईल."

चार अंतर्देशीय पत्रं मी अर्धवट सोडली. पाचव्याला नलूताईंनी मला वाडीवरच्या खोलीत बसवलं आणि स्वतः दारात लसूण सोलत बसल्या. पत्र पुरं होईपर्यंत हलल्या नाहीत. मी लिहिलं, "आत्याबाई, मी लहान होते तेव्हा कशी होते ते डॉक्टरांना हवं आहे. खरं तेच सांगा. पिंकीला घेऊन या. मला तिला बघायचं आहे." शेवटची दोन वाक्यं खरं तर पहिली लिहायची होती.

होळी झाली आणि आत्याबाई पिंकीला घेऊन आल्या. पिंकी पदराआड लपली. तिच्या बोलण्यात आमचा गाव आला होता. "मी न्हाई येत," ती मला म्हणाली. इतके दिवस जी भाषा ऐकायला कान आसुसले होते ती अशी ऐकली.

तलासरीला आत्याबाई खुर्चीच्या कडेला ताठ बसल्या. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, ही लहान असताना कशी होती?"

"खोटं सांगणार न्हाई, डाक्टर. चालाय लागली तवाधरनं हिच्या पायाला भिंगरी. पाण्याला धाडली तर घागर हिरीवर आन ही करवंदीच्या जाळीत. शेळी सोडाय सांगितली तर दावं घिऊन येणार, शेळी तिथंच."

"तेव्हा वय काय?"

"पाच. शाळंत घातली तर महिन्यात तीन पाट्या हरवल्या. मास्तर म्हणायचा, हिला खांबाला बांधा. जेवताना चार घास खाऊन उठायची, ताट तसंच. लई मार खाल्ला हिनं. माझ्या हातचा, वैनीच्या, हिच्या आयच्या हातचा."

"मारल्यावर सुधारायची?"

"तेवढ्यापुरती. मग रडत रडत पुन्हा तेच. म्हणायची, आत्या, मी मुद्दाम न्हाई गं केलं."

मी भिंतीकडे बघत होते. हे वाक्य मला आठवत नव्हतं. आत्याबाई बोलत गेल्या, डॉक्टर लिहीत गेले, तिसरं पान उलटलं. त्यांना वाटत होतं त्या माझ्यावरचे आरोप सिद्ध करताहेत. मलाही तेच वाटत होतं.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "आजी, इतकी पूर्ण हिस्टरी मला आजवर कुणी दिली नाही." हिस्टरी म्हणजे आजाराची मागची हकिगत. मग ते माझ्याकडे वळले आणि मी सुरुवातीला लिहिलेलं ते वाक्य बोलले.

आत्याबाईंनी विचारलं, "म्हंजे येडी हाय का ही?"

"नाही. हिची बुद्धी चांगली आहे. लक्ष एका जागी धरून ठेवायचं काम मेंदू करतो, ते हिच्यात जन्मापासून कमी होतं. तुम्ही सांगितलं नसतं तर मला ठरवता आलं नसतं. मारण्याने जाणारी ही गोष्ट नव्हती."

बाहेर व्हरांड्यात आल्यावर आत्याबाईंनी माझ्या दंडावरून हात फिरवला. तिथे एक जुना डाग आहे, चुलीतल्या लाकडाचा. तो कुणामुळे झाला ते आम्हा दोघींनाच माहीत. त्या म्हणाल्या, "मला काय ठावं हुतं, पोरी." त्या दिवशीही बरोबर आलेल्या नलूताई बाकावरून उठून उगाच पाणी प्यायला गेल्या.

तरी पिंकी त्या दिवशी मिळाली नाही. "जूनपातुर राहू दे माझ्याकडं," आत्याबाई म्हणाल्या. "गोळ्यांचा गुण बघू." मी हो म्हटलं. मला स्वतःचीच खात्री नव्हती.

परदेशात या आजारावर जे औषध देतात ते तेव्हा इकडे सहज मिळत नव्हतं. डॉक्टरांनी आधी ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, काढला आणि इमिप्रामिन सुरू केलं. ही खरं तर उदासीवरची गोळी, पण लक्ष टिकायलाही तिचा काहींना उपयोग होतो. तोंड कोरडं पडायचं, सकाळी जड वाटायचं. कुणी माझं वाचून गोळी घेऊ नये. ज्याचं त्याचं औषध डॉक्टरच ठरवतात. गोळीबरोबर त्यांनी शिस्त लावली. एका वेळी एक काम. दाराशी पाटी, त्यावर दिवसाची कामं. दूध तापताना चुलीपासून हलायचं नाही, गजराचं घड्याळ लावलेलं असलं तरी. गाडीतून उतरताना आधी पोराचा हात, मग पिशवी. हे शेवटचं लिहून घेताना माझ्या हातात पोराचा हात नव्हता.

एप्रिल, मे. मी पिंकीचा जुना फ्रॉक खाली उसवून मोठा केला. किती मोठा करायचा ते माहीत नव्हतं. अंदाजाने दोन बोटं सोडली, मग पुन्हा उसवून तीन. साडेतीनच्या सुमारास लहान मुलं क्वार्टरच्या मागे खेळायला येत, तेव्हा मी दार लावून घेई.

गोळ्यांच्या चौथ्या आठवड्यात एकदा वाडीवर समोरची चिकूची टोपली रिकामी दिसली. एक अख्खी टोपली चिकू मी न उठता निवडले होते. डोकं शांत झालं असं नाही. घरात चार रेडिओ एकदम लागलेले असावेत आणि कुणीतरी दोन बंद करावेत, तसं झालं. नलूताईंनी दिल्लीचं खोकं उपसून एकेक चिकू दाबून पाहिला. मग खोकं परत भरलं. "बरं आहे," म्हणाल्या. त्यांच्या तोंडून तेवढं पुष्कळ.

जूनमध्ये हे जाऊन पिंकीला घेऊन आले. फ्रॉक तरीही आखूड झाला. पहिले काही दिवस ती जेवायला बसली की "आज्जी कुठाय" विचारायची आणि माझ्या हातचा भात बाजूला सारायची. मी आत्याबाईंसारखा ठेचा करायला शिकले. आता ती पहिलीत आहे. दर पंधरवड्याला आत्याबाईंचं पत्र येतं. दुसऱ्याकडून लिहून घेतात. त्यात शेवटी "शोभाला सांभाळा" असतं. पूर्वी "पोरीला सांभाळा" असायचं.

मी बरी झालेले नाही. हा आजार जात नाही, डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. परवाच भात करपला. पण आता करपलेला भात बघून मी स्वतःला शिव्या देत नाही, पातेलं भिजत घालते. तुमच्या घरात कुणी माझ्यासारखं असेल, तर तिच्या चुका मोजणाऱ्या माणसालाच डॉक्टरकडे घेऊन जा. ज्याने जास्त चुका मोजल्या त्याला जास्त आठवतं.

आता नलूताईंचं. त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. चिकू त्या आता नुसत्या बोटांनी ओळखतात. ऑपरेशन म्हटलं की म्हणतात, "हंगाम संपू दे." हंगाम संपला की पुढचा हंगाम. त्यांना भीती वाटते, हे त्या कुणाला सांगत नाहीत. मला न सांगता कळलं.

ह्यांची बदली होणार असं ऐकते. कुठेही झाली तरी, नलूताई, ज्या दिवशी तुम्ही डोळा दाखवायला जाल त्या दिवशी मी येईन. तुमचा नंबर मी लावीन, थेंब मी घालीन, बाहेर बाकावर मी बसेन. मध्ये चार वेळा उठेन, ते तुम्ही धरून चाला. पण तुमचं नाव पुकारतील तेव्हा मी तुमच्या शेजारी असेन.