एकशेवीस अंशांचा त्रिकोण

शाळेत गणिताच्या सरांना सगळे ‘कोनमापक’ म्हणत. भूमिती शिकवून शिकवून सर वळतातसुद्धा काटकोनात, अशी मुलांची थट्टा. आठवीला संगणकाचा तास सुरू व्हावा म्हणून मुख्याध्यापिकांच्या हात धुऊन मागे लागले होते तेच. “मुलं प्रोग्राम लिहू लागली की गणित आपोआप उलगडेल, बाई,” असं छातीठोकपणे सांगून बसले होते.

चाचणीचे पेपर तपासताना त्यांचे डोळे पांढरे झाले. समभुज त्रिकोणाचा कोन अर्ध्या वर्गाने एकशेवीस अंश लिहिला होता. त्यांच्याकडे राहून शिकणाऱ्या भाचीनेसुद्धा. आणि प्रोग्राम लिहिण्यात तीच सगळ्यांच्या पुढे!

“तीन एकशेवीस म्हणजे किती होतात गं? डोकं गहाण टाकलंस का?” ते जेवताना कडाडले.

तिचा घास हातातच राहिला. “पण मामा, संगणकावर त्रिकोण काढताना बाणाला एकशेवीसच द्यावे लागतात. साठ दिले की त्रिकोण होतच नाही.”

दुसऱ्या दिवशी रिकाम्या संगणकखोलीत त्यांनी स्वतः करून पाहिलं. पडद्यावरचा बाण रेघ ओढत गेला, एकशेवीस अंश वळला, पुन्हा निघाला. त्रिकोण नीट जुळला. सर खुर्चीत मागे टेकले. पोरीने मोजलं ते खरंच होतं. फक्त तो त्रिकोणाच्या आतला कोन नव्हता, बाणाने कोपऱ्यावर दिशा बदलली ते बाहेरचं वळण होतं. हा फरक मुलांना कुणी सांगितलाच नव्हता. संगणकाच्या बाईंना ते भूमितीचं काम वाटलं असेल, आणि सरांना स्वतःला सुचलंच नव्हतं.

ते तडक मुख्याध्यापिकांकडे गेले. पण चाचणीचे गुण पाहून पालकांनी तक्रार केली होती, आणि संगणकाचा तास बंद करायचं ठरूनही गेलं होतं.

“बाई, मुलं अर्धी बरोबर आहेत. थोडे तास द्या, उरलेलं मी जोडून देतो.”

“सर, पालकांना अर्धं बरोबर चालत नाही. फेरचाचणी घ्या.”

घरी त्यांनी भाचीला फरशीवर त्रिकोणात चालायला लावलं. “कोपऱ्यावर थांब. न वळता गेली असतीस तर कुठे पोचली असतीस? मग वळलीस किती?”

ती चालली, वळली, पण मान खालीच. “साठ लिहायचं ना, मामा? कळलं.”

फेरचाचणीत सगळ्या वर्गाने साठ लिहिलं. मुख्याध्यापिकांनी बोलावून सरांचं कौतुक केलं.

शाळेतून घरी येताना त्यांनी भाचीला हळूच विचारलं, “समजून लिहिलंस ना?”

“पाठ केलं,” ती म्हणाली. “त्या बाणाचा विचार केला की पुन्हा चुकते मी.”

कोपऱ्यावर थांबून सर हाताने वळण दाखवू लागले. तोवर ती भराभर पुढे निघून गेली होती.