उंबराखालची मोजणी

श्रीमती राही हरिचंद्र निरगुडा, वय वर्षे सत्तेचाळीस, राहणार बेलवली, बदलापूर पश्चिम. पद: साफसफाई मदतनीस, अकुशल. शिक्षण: चौथी. ओळखखूण: कपाळावर व उजव्या गालावर भाजल्याचे व्रण. दृष्टी: उजवा डोळा निकामी, डाव्याने फक्त उजेड-अंधार समजतो. दुखापतीचे कारण: दिवाळीत राहत्या घरी फटाका लागून. आतषबाजीच्या तांत्रिक कामाशी संबंध: नाही. चाचणी मैदानावरील उपस्थिती: निरंक. सबब, सदर महिलेस परदेश दौऱ्याच्या चमूतून वगळण्यात येत आहे.

‘दौलत स्काय शो, कॅम्प नंबर दोन, उल्हासनगर’ अशा लेटरहेडवरचा हा मजकूर राहीच्या मुलीने, प्रगतीने, बेलवलीच्या खोलीत मोठ्याने वाचला. विमान चार दिवसांवर होतं. राहीचा पासपोर्ट देव्हाऱ्यात कुंकवाच्या डबीशेजारी ठेवलेला होता.

“निरंक म्हणजे?” राहीने विचारलं.

“निल. झीरो. तू तिथे कधी नव्हतीसच, असं म्हणतायत.”

“बरं,” राही म्हणाली. “कागद जपून ठेव.”

पत्रातलं नाव, वय, चौथी, व्रण आणि डोळे एवढं खरं होतं. बाकीचं मालकांनी, दौलतरावांनी, रचलं होतं, आणि रचण्यात त्यांचा हात बसलेला होता.

राही मूळची बारवी धरणाच्या अंगच्या एका ठाकूरवाडीतली. लहानपणी ती दरीच्या अलीकडच्या धारेवर बसायची आणि तिचा बाप समोरच्या उतारावर लाकडं तोडायचा. कुऱ्हाड पडलेली दिसायची, आवाज मागून यायचा. त्या मधल्या वेळेवरून बाप किती लांब गेलाय आणि त्याची भाकरी घेऊन कधी निघायचं, हे तिला कळायचं. शाळेत चौथीपर्यंत तिला जे शिकवलं त्यातलं फारसं काही उपयोगी पडलं नाही. हे पडलं.

दौलतरावांकडे ती चौदा वर्षांपूर्वी खोकी भरायला लागली. लग्नात आकाशी गोळे सोडण्याचा त्यांचा धंदा. उल्हासनगरच्या व्यापाऱ्यांची मागणी एकच असे: हार गळ्यात पडला की वर फूल फुटलं पाहिजे. दौलतरावांची माणसं हार पडलेला बघून बटण दाबायची. गोळा वर जाऊन फुटेपर्यंत नवरा-नवरी खुर्चीत बसलेली असायची आणि मामा पाकिटं शोधत असायचे. राही नवऱ्याच्या कोपराकडे बघायची. कोपर वर जायला लागलं की म्हणायची, “सोड.” फूल बरोबर हारावर फुटायचं. पुढे पुढे सिंधी शेठ बुकिंग करतानाच सांगायचे, “भाई, वो टाइमवाली बाई को जरूर भेजना.” दौलतराव म्हणायचे, “सिस्टिम आहे आपली.”

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, अंबरनाथच्या एका लॉनवर, एका नळीतला गोळा उडालाच नाही. नियम असा की अशा नळीजवळ अर्धा तास जायचं नाही. दौलतराव म्हणाले, “राही, बघ गं जरा.” तिने बघितलं. ती तिने नीट बघितलेली शेवटची वस्तू.

घटना मे महिन्यातली, पण कागदावर दिवाळी आली, आणि लॉनचं घर झालं. इस्पितळात तिच्या खाटेशी बसून दौलतरावांनी समजावलं होतं: खरं लिहिलं तर परवाना जाईल, परवाना गेला तर बावीस माणसं घरी बसतील. आणि दोन वर्षांनी कॅनडात मोठी स्पर्धा आहे, सहा देश, संगीताच्या तालावर आतषबाजी. “तिथे टायमिंग तुझंच. तुझं नाव पडद्यावर येईल, राही. इंग्रजीत. माझा शब्द.” राहीने सही केली. अंगठा नव्हे, सही. चौथीचा तेवढा अभिमान तिला होता.

पडद्यावरचं ते नाव तिला दिसणार नव्हतं. प्रगतीला दिसलं असतं, वाडीला दिसलं असतं, आणि मुख्य म्हणजे दौलतरावांना ते लिहावं लागलं असतं. एवढ्यासाठी तिने मे महिन्याची दिवाळी होऊ दिली होती.

स्पर्धेसाठी ढोल, सनई आणि व्हायोलिनची अकरा मिनिटांची रचना बांधून घेतली होती. कोणत्या ठोक्याला कोणतं फूल फुटायचं ते ठरलं. कॉम्प्युटर बटणं दाबणार होता. पण त्याला आधी सांगावं लागतं, कोणता गोळा सोडल्यापासून फुटेपर्यंत किती वेळ घेतो. ती मोजणी राहीची.

चाचण्या बदलापूरच्या बाहेर एका माळावर झाल्या, भर दुपारी, कारण अंधारात आवाज झाले की आसपासची गावं तक्रार करायची. परवान्याच्या खात्याचा माणूस कधीही येऊन टपकू शकत होता. भाजल्या तोंडाची, कागदावर नसलेली बाई त्याला नळ्यांपाशी दिसली असती तर जुनी फाइल उघडली असती. म्हणून दौलतरावांनी तिला ओढ्यापलीकडे, लांब एका उंबराखाली बसवलं. गोणपाट दिलं, पाण्याची बाटली दिली, वॉकीटॉकी दिला.

नळ्यांपाशी देऊ असायचा, तिच्याच वाडीचा. बटण दाबताना तो वॉकीटॉकीत “हूं” करायचा आणि कान दाबून वाळूच्या पोत्यांमागे बसायचा. “हूं” ऐकलं की राही मोबाइलचं घड्याळ सुरू करायची. दुपारच्या उन्हात तिच्या डाव्या डोळ्याला आकाशातली ठिणगी समजणं शक्य नव्हतं. ती धमाक्याची वाट बघायची. धमाका ऐकला की घड्याळ बंद. मोबाइल बोलायचा: “चार दशमलव शून्य सेकंड.” ती आकडा सांगायची, देऊ वहीत लिहायचा. एकेक गोळा तीनदा.

“हूं” क्षणात यायचं. धमाका दरीपलीकडच्या कुऱ्हाडीसारखा मागून यायचा. पहिल्याच दिवशी राहीला ते कळलं. प्रत्येक आकड्यात दीड सेकंद उंबराचं होतं, गोळ्याचं नव्हतं.

ते तिने कुणाला सांगितलं नाही. दौलतरावांना चौदा वर्षं ओळखणाऱ्या माणसाने काहीतरी स्वतःजवळ ठेवायचं असतं. कॅनडात पोचल्यावर, तंबूत, सगळे कॉम्प्युटरभोवती जमले की ती म्हणणार होती, “आता सगळ्यांतून दीड काढा.” हे वाक्य तिने मनात इतक्यांदा म्हटलं होतं की त्यातल्या तंबूत खुर्च्याही होत्या.

मग पत्र आलं. तिच्या जागी शौनक निघाला, दौलतरावांचा भाचा. पोरगा वाईट नव्हता. लॅपटॉपवर पूर्ण शो चालवून दाखवायचा, आणि लॅपटॉपमध्ये प्रत्येक फूल ठोक्यावर फुटायचं, कारण लॅपटॉपला वहीत होतं तेवढंच माहीत होतं. माळावर तो एकदाही आला नव्हता. ऊन फार होतं.

त्या दिवसापासून राहीने मनाशी ठरवलं: त्यांनी एकदा जरी विचारलं की तू मोजलंस कुठून, तर सांगायचं. खोटं बोलायचं नाही. पण विचारल्याशिवाय सांगायचंही नाही.

शोच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी साडेपाचला, राही तांदूळ निवडायला बसली होती. तांदूळ ती बोटांनी निवडायची. फोन वाजला. कॅनडात सकाळ होती.

“मावशी, शौनक बोलतोय. एक डाउट आहे. बाजूच्या टीमचे तीन इंची गोळे अडीच सेकंदात फुटतात. आपल्या वहीत चार आहे. काही लोचा नाही ना?”

राहीचे हात थांबले. “मी मोजलं तेच देऊनं लिवलं.”

“म्हणजे बरोबर आहे?”

“बरोबर हाय.” जिथे बसवलं होतं तिथून ते अगदी बरोबर होतं.

मागून दौलतरावांचा आवाज आला. “तिला काय विचारतोस रे? आपला माल उंच जातो, म्हणून वेळ लागतो. यांचे गोळे पत्र्याच्या वर जात नाहीत.”

“ओके मामा. ओके मावशी, थँक्यू.”

“थांब बाला,” राही म्हणाली. “अजून काय विचारायचं हाय का?”

“नाही.”

“नीट विचार कर. मना घाई नाय.”

पलीकडे लॅपटॉपची बटणं वाजली. “नाही मावशी. सगळं सेट आहे.”

“मग झालं,” राही म्हणाली, आणि तांदळातला खडा काढून बाजूला टाकला.

कॅनडातल्या तळ्याकाठची शनिवारची रात्र म्हणजे बेलवलीतला रविवार, सकाळचे साडेसात. प्रगतीने मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला.

“आई, नाव आलं. टायमिंग, शौनक.” तिने मोबाइलचा आवाज वाढवला. “बहुत गलत है यार हे.”

“बघ तू. कधी काय फुटतंय ते सांग.”

ढोल सुरू झाला. प्रगती सांगू लागली, “लाल,” आणि मग ठोका. “हिरवं,” आणि मग ठोका. पहिल्या मिनिटाला लोकांना वाटलं, मुद्दाम असेल. दुसऱ्या मिनिटाला कुणालाच तसं वाटेना. प्रत्येक फूल ठोक्याच्या दीड सेकंद आधी येत होतं, पंगतीत वाढप सुरू होण्याआधी जेवून उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

“आई, सगळं आधी होतंय. काहीतरी झोल झालाय.”

“हं,” राही म्हणाली. तिने चहाची बशी तोंडाला लावली.

सातव्या मिनिटाला तिची स्वतःची जागा होती. सनई थांबते, सगळं शांत होतं, आणि मग ढोलाचा एकच ठोका; त्या ठोक्यावर एकच पांढरं फूल. ती कल्पना राहीची. आंधळी झाल्यावर तिला सुचलेली ती एकमेव गोष्ट, जी तिला मनात लख्ख दिसायची.

“पांढरं फुटलं,” प्रगती म्हणाली. सनई अजून वाजतच होती. मग सनई थांबली. मग रिकाम्या काळ्या आकाशाखाली ढोलाचा एक ठोका पडला, आणि तळ्याकाठी कुणीतरी हसलं. मोबाइलमधून ते हसू स्पष्ट ऐकू आलं.

राहीने बशी खाली ठेवली. त्या फुलाचं तिला वाईट वाटलं. ठोक्याचं नाही.

भारताचा सहापैकी सहावा नंबर आला. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं की आतषबाजी उत्तम, संगीत उत्तम, दोघांची एकमेकांशी ओळख करून द्यायला हवी होती. एका परीक्षकाने मात्र ‘धाडसी विसंवाद’ म्हणून दोन गुण जास्त दिले.

दहाव्या दिवशी दौलतराव स्वतः बेलवलीत आले. बूट बाहेर काढले, हे चौदा वर्षांत पहिल्यांदाच.

“राही, वहीत काय केलंस तू?”

“मोजलं.”

“कुठून मोजलंस?”

“आता विचारताय होय, शेठ,” राही म्हणाली. “उंबराखालून. तुम्हीच बसवलं. आवाज यायला दीड सेकंद लागतो तिथं.”

दौलतरावांना ते कळायला दीड सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला. मग त्यांचा आवाज चढला. “आणि तोंडाला कुलूप लावून बसलीस? इतक्या लोकांत नाक कापलंस माझं. आयोजकांनी खुलासा मागितलाय, पुढच्या वर्षी बोलवायचं की नाही ते त्यावर आहे. शौनकचं करिअर संपेल, कळतं का तुला?”

“मग माझं नाव लिहा.”

“काय?”

“लिहा, मोजणी राही निरगुडानं केली. चूक माझी. मी कशाला नाय म्हणू?”

दौलतरावांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. त्या तोंडावरून काही कळणं दोन वर्षांपूर्वीच बंद झालं होतं, आणि त्याला कारण ते स्वतःच होते. बाई घाबरली, असा अर्थ त्यांनी काढला. लगेच मऊ झाले. “शहाणी आहेस. तुझं काही नुकसान होणार नाही बघ.”

“पण इथंच लिहा. मना वाचून दाखवा. आणि एक माझ्याजवळ ठेवा, सहीचा.”

बॅगेत लेटरहेड होतंच. त्यांनी चटईवर बसून लिहिलं आणि चढ्या आवाजात वाचलं: स्पर्धेतील सर्व गोळ्यांची वेळमोजणी आमच्या तंत्रज्ञ श्रीमती राही निरगुडा यांनी फेब्रुवारी महिन्यात सलग अकरा दिवस चाचणी मैदानावर उपस्थित राहून केली, अपघातात दृष्टी गेल्यामुळे त्यांनी ती कानाने केली, सबब दोष सर्वस्वी त्यांचा आहे.

“‘तंत्रज्ञ’ परत एकदा वाचा,” राही म्हणाली.

त्यांनी वाचलं.

“आणि अपघात कुठं झाला ते? अर्धवट नको, शेठ. फॉरेनचे लोक विचारतील.”

दौलतराव घाईत होते; संध्याकाळपर्यंत मेल करायचा होता. “कामावर असताना” असं त्यांनी वरच्या बाजूला बारीक अक्षरात घातलं, दोन्ही प्रतींवर सही केली, शिक्का मारला आणि उरकलं. जाताना प्रगतीला म्हणाले, “आईला जप.”

प्रगतीने दार लावलं. “आई, यांना पहिल्या पत्राची आठवणच नाही का गं?”

“इतके कागद लिहितात,” राही म्हणाली. “कुठला कुठला लक्षात ठेवतील. आण तो.”

सोमवारी दोघी परवान्याच्या खात्यात गेल्या. टेबलावर दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवली. एकाच शिक्क्याची, एकाच सहीची, महिन्याभराच्या अंतराची. कारकुनाने आधी एक वाचलं, मग दुसरं, मग चष्मा पुसून पुन्हा पहिलं.

“यातलं खरं कुठलं, बाई?”

“मना दिसत नाय, साहेब,” राही म्हणाली. “तुम्ही माळावर, उंबराखाली जाऊन बघा.”

त्याच आठवड्यात खात्याची दोन माणसं टेप घेऊन माळावर गेली. उंबराखाली गोणपाट अजून अंथरलेलं होतं. नळ्यांच्या चौथऱ्यापासून तिथपर्यंतचं अंतर पाचशे दहा मीटर भरलं, म्हणजे आवाजाचा बरोबर दीड सेकंद.