बाहुलीला मी ‘व्हय म्हाराजा’ म्हटलं

मंडळी, आज दुपारी आईला घेऊन परळला एका चित्रकाराचं प्रदर्शन बघायला गेलो. जागा म्हणजे बाबा कामाला होते ती जुनी मिल. आता तिथे गॅलरी आहे.

प्रदर्शन एकदम धमाल. भुताच्या पिक्चरची भडक पोस्टरं, ट्रकमागची चित्रं आणि मधोमध छताला टेकलेली काळी बाहुली. दृष्ट लागू नये म्हणून नव्या बिल्डिंगवर टांगतात ना, तीच. गॉगल लावलेली, जीभ बाहेर. तिच्या पोटातल्या स्पीकरवर मालवणी गाऱ्हाणं, म्हणजे देवापुढे सगळ्यांच्या वतीने घातलेलं मागणं, चालू होतं आणि लोक हसत सेल्फी काढत होते.

“हय जो कोण इलो, तेका हयच ठेव रे म्हाराजा.”

आमच्या घरात गाऱ्हाणं कानावर पडलं की तोंडातून होकार आपोआप निघतो. मी मोठ्याने म्हणालो, “व्हय म्हाराजा.”

आईने पटकन माझं तोंड दाबलं. “काय मागतत ता तरी आयकलंस?”

बाहेर आल्यावर म्हणाली, “संपाच्या आदल्या दसऱ्याक, मशीनच्या पूजेत, हयच गाऱ्हाणा घातलेला. आमका हयसून हलवू नको म्हणान. तुझो बापूस सगळ्यात मोठ्यान व्हय म्हणालो.”

मिल बंद पडल्यावरही बाबा मरेपर्यंत रोज सकाळी डबा घेऊन या गेटपर्यंत यायचे. आम्हाला वाटायचं, सवय आहे.

मालवणकडच्यांनो, एकदा म्हटलेलं व्हय परत घेता येतं का? जरा लवकर सांगा. उद्या सकाळी मला पुन्हा तिथे जावंसं वाटतंय, आणि का ते कळत नाहीये.