सत्काराला गेलेली घोंगडी

ब्राह्मणपुरीच्या सिंधुबाईला त्या सकाळी गरजू व्हायचं होतं, आणि ते तिला काही केल्या जमत नव्हतं.

जमणार तरी कसं? तापीकाठची काळी जमीन, केळीचा बाग, गोठ्यात गाईम्हशी, लेक रोहिणी सुरतेला चांगल्या घरी दिलेली. पण दिराचा मुलगा ललित याने गावात ब्लँकेटवाटप ठेवलं होतं. ललित युवा नेता होता. त्याला युवा नेता कोणी केलं ते विचारू नये. बॅनर त्याचा, बॅनर छापणारा त्याचा दोस्त, मग त्यावर दुसरं काय छापून येणार? शहाद्याचे कापडाचे व्यापारी झुंबरलालशेठ यांनी ब्लँकेटं दिली होती आणि तेच प्रमुख पाहुणे होते. मांडव पडला, माईक लागला, फोटोवाला आला. गरजू तेवढे यायचे राहिले. पहाडातून ऊसतोडीला उतरलेली माणसं, ज्यांच्या नावाने हा सगळा थाट, ती उजाडायच्या आतच फडात गेली होती. काम टाकून थंडी वाजल्याचं दाखवायला त्यांना सवड नव्हती. मग ललितने घरच्याच काकू, आत्या, मावश्या गोळा केल्या आणि खुर्च्यांवर रांगेत बसवल्या.

"काकू, तू सर्वास्ना पुढे बठ. तुन्हा चेहरा चांगला शे."

"चेहरा चांगला शे तं काय लगीन लावस का रे मन्हं?"

"तसं नही वं. गरीब दिखस."

सिंधुबाई बसली. पण बसली ती आपली काळी घोंगडी डोक्यावरून ओढून. बाहेर दिसत होतं ते फक्त नाक. ललितने लांबून बघितलं, जवळून बघितलं, आणि कपाळाला हात लावला.

"काकू, घोंगडी काढ. घोंगडीमा तू गरजू दिखत नही, थानेदार दिखस."

"काढी तं थंडी वाजी ना, भाऊ."

"तेच तं पायजे!"

आता या घोंगडीचं सांगायला हवं, नाहीतर बाईचा जीव कशात अडकला होता ते कळायचं नाही.

सिंधुबाई नवी नवरी होती तेव्हाची गोष्ट. खरीप निघालं की ठेलारी धनगरांचा वाडा, म्हणजे बायकापोरं आणि मेंढ्यांसकट सगळा तांडा, दरवर्षी त्यांच्या शेतात उतरायचा. मेंढ्या रात्रभर शेतात बसायच्या, शेताला खत व्हायचं. एका हिवाळ्यात त्यांच्यातली फुलवंताबाई शेताच्या बांधावर बाळंत झाली. सिंधुबाईने तिला घरात आणलं, शेगडी दिली, खायला घातलं, आणि सासूची बोलणी खाल्ली. पुढच्या वर्षी वाडा परत आला तो फुलवंताबाईच्या डोक्यावर ही घोंगडी घेऊन. तिच्याच मेंढ्यांची लोकर, तिनेच कातलेली, माहेरच्या मागावर विणून घेतलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. नवी होती तेव्हा अशी टोचायची, की सिंधुबाईचा नवरा नवल म्हणायचा, "ही घोंगडी शे का बाभूळनं झाड?" आणि असं म्हणत म्हणत तोच अर्ध्याहून जास्त ओढून घ्यायचा.

मग ती घोंगडी मऊ पडत गेली. बाई मात्र कडक होत गेली. उसाला पाणी भरायच्या रात्री घोंगडी, रोहिणीला गोवर निघाला तेव्हा घोंगडी, सारंगखेड्याच्या जत्रेला बैलगाडीत सगळं घर तिच्याखाली. शेवटच्या आजारपणात नवलचे पाय फक्त तिच्यातच गरम व्हायचे. नवल गेला. रोज अंगाला लागणारी जुन्या संसारातली वस्तू एवढी एकच उरली. रोहिणी सुरतेहून काय काय पाठवायची. चमकणारा स्वेटर पाठवला, विजेवर तापणारी गादी पाठवली. सिंधुबाईने कशालाच नावं ठेवली नाहीत. सगळं कपाटात ठेवलं.

तर ती घोंगडी बाईने काढली, नीट घडी घातली आणि कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून मंचावरच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. शेजारी सत्काराचा नारळ होता.

कार्यक्रम सुरू झाला. सातपुड्यावरून वारा असा येत होता, की बॅनरवरचा ललितसुद्धा थरथरत होता. झुंबरलालशेठ परीटघडीचा पांढरा सदरा घालून आले होते. पाहुण्याने कसं दिसावं याचा त्यांना विचार होता, थंडीने कुठून शिरावं याचा नव्हता. खुर्चीवर बसल्या बसल्या त्यांचे गुडघे एकमेकांशी बोलायला लागले.

"आता मान्यवरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार!" ललितने माईकवर सांगितलं आणि मागे हात केला. हातात काही आलं नाही. शाल घरीच राहिली होती. ललितने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि त्याची नजर घोंगडीवर पडली. मोठमोठ्या सभांमध्ये हल्ली पुढाऱ्यांना घोंगडी पांघरतात, हे त्याने मोबाइलवर पाहिलं होतं. झालं! त्याने घोंगडी झटकली आणि भर सभेत शेठजींच्या खांद्यावर टाकली.

"ललित! अरे मन्ही शे ती!" सिंधुबाई ओरडली. पण टाळ्या पडल्या होत्या, आणि टाळ्यांत बायकांचं ऐकू येत नसतं.

"काकू, कार्यक्रम झाया का लई देस परत," तो कानात पुटपुटला, आणि वाघाचं चित्र असलेलं एक गुलाबी ब्लँकेट तिच्या मांडीवर ठेवून कॅमेऱ्याकडे हसला.

इकडे घोंगडीत शेठजींचं काय झालं ते बघण्यासारखं होतं. आधी गुडघे गप्प झाले. मग खांदे खाली आले. मग डोळे मिटले. भाषण करायला उठवलं तर म्हणाले, "मी बसूनच बोलतो," आणि बोललेच नाहीत. कार्यक्रम संपला तेव्हा ते तसेच गाडीत जाऊन बसले आणि गाडी शहाद्याच्या रस्त्याला लागली. घोंगडीचं एक टोक दारातून बाहेर लोंबत होतं. सिंधुबाईला वाटलं, घोंगडी वळून बघते आहे.

"जाय, लई ये मन्ही घोंगडी," तिने ललितला सांगितलं.

"काकू, दिधेल सत्कार परत कसा मांगू? इलेक्शन तोंडवर शे."

"इलेक्शन तुन्हा तोंडवर शे. थंडी मन्हा हाडंस्मा शे."

पण युवा नेत्याला फोन आला. असे फोन बरोबर वेळेवर येतात.

त्या ब्लँकेटशी सिंधुबाईने प्रामाणिकपणे जमवून बघितलं. ते अंगावर घेतलं की सरकायचं. धरून ठेवलं की चटचट ठिणग्या सोडायचं. आत घाम यायचा आणि घामालाच थंडी वाजायची. शेवटी तिने ते वासराच्या पाठीवर टाकलं. वासराने एकदा हुंगलं, अंग झटकलं आणि ते त्याच्यावरच उभं राहिलं. ब्लँकेट ज्या प्लास्टिकच्या पिशवीतून आलं ती पिशवी मात्र चांगली होती. तिच्यात बाईने कुरडया ठेवल्या.

मग एका सकाळी तिने वासराखालून ब्लँकेट ओढलं, धुतलं, वाळवलं, अंगाभोवती गुंडाळलं आणि शहाद्याची एसटी धरली.

शेठजींचं दुकान भर बाजारात. दारावर पाटी होती, 'थंडीवर खात्रीचा इलाज'. आत ब्लँकेटांच्या थप्प्या छताला लागल्या होत्या, वाघ, सिंह, गुलाब, मोर. त्या सगळ्यांच्या मधोमध गादीवर झुंबरलालशेठ हनुवटीपर्यंत घोंगडी ओढून बसले होते. त्यांचा नातू जिनेश गिऱ्हाइकांना माल दाखवत होता आणि आजोबांच्या पुढे उभा राहून त्यांना झाकायचा प्रयत्नही करत होता.

"शेठ, घोंगडी मन्ही शे," सिंधुबाईने उभ्याउभ्याच सांगितलं.

"बाई, हा माझा सत्कार आहे. भर सभेत झालेला. सत्कार कोणी परत करतं का?"

"सत्कार ठी ल्या ना. नारळ भी ठी ल्या. घोंगडी द्या."

शेठजींनी आवाज खाली आणला. "बाई, खरं सांगू? जन्मभर गरम कपडा विकला. गरम झोप आता कुठे लागली. या दुकानातलं तुम्हाला आवडेल ते उचला."

"आंगवर शे तेच. तुम्हनंच शे." बाईने गुलाबी वाघ दाखवला. "बरं. मी बठस आठे. तुम्हनी झोप झायी का सांगा."

आणि ती दुकानाच्या ओट्यावर बसली. त्या दिवशी वारा असा सुटला होता, की समोरचा चहावाला दोन्ही हातांनी किटली धरून उभा होता. बाई कुडकुडायला लागली. नाटक नव्हतं ते. दात वाजत होते, ओठ काळेनिळे पडले होते, पाठीवरचा वाघसुद्धा हलत होता. ब्राह्मणपुरीच्या मांडवात जे काही केल्या जमलं नव्हतं, ते शहाद्याच्या ओट्यावर आपोआप जमलं.

एक नवराबायको ब्लँकेट घ्यायला आले आणि बाईपाशी थबकले.

"आजी, हाई ब्लँकेट कोठलं वं?"

"याच दुकाननं."

"थंडी जास का त्यामा?"

"माले काय इचारतस? शेठले इचारा. त्यास्ले जास्त मालूम."

दोघांनी आत बघितलं. घोंगडीतल्या शेठजींनी बाहेर बघितलं. नवराबायको चहा प्यायला निघून गेले. मग दुसरे आले, तेही बाईला बघून, शेठजींना बघून गेले. कुणी भांडलं नाही. फक्त चहावाल्याचा धंदा वाढला.

जिनेश रडकुंडीला आला. "दादाजी, द्या ना ती! ऐन सीझन आहे."

"सीझन तुझा आहे. गुडघे माझे आहेत."

"आणि बाई दारात आडवी झाली तर?"

शेठजी माणूस वाईट नव्हता, नुसता गारठलेला होता. त्यांनी मान लांब करून ओट्याकडे बघितलं. सिंधुबाईने दोन्ही हात काखेत घातले होते, पण नजर घोंगडीवरून हलली नव्हती. घरातलं लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर बसलेलं असावं, तशी ती बघत होती. शेठजींना आपल्या बायकोची आठवण आली की काय कोण जाणे. लहरीबाईही असंच न बोलता बघायची, आणि जिंकायची. ते उठले. गादीवरून खाली उतरले, ओट्यावर आले, आणि घोंगडी आपल्या हातांनी बाईच्या खांद्यावर घातली.

"आता तुमचा सत्कार," ते म्हणाले, आणि लगेच त्यांचे गुडघे बोलायला लागले.

जिनेशने तेवढ्यात मोबाइल काढला होता. संध्याकाळपर्यंत तो फोटो शहाद्यात सगळ्यांनी बघितला. खाली लिहिलं होतं, 'झुंबरलालशेठ यांच्याकडून गरजू महिलेस घोंगडी वाटप'. ललितने तो पुढे पाठवला आणि खाली स्वतःचं नाव जोडलं. फोटोत शेठजी गरजू दिसत होते. बाई थानेदार दिसत होती.

थोड्याच दिवसांत धनगरांचा वाडा ब्राह्मणपुरीत उतरला, आणि सिंधुबाईने शहाद्याला निरोप धाडला, स्वतःची घोंगडी करून घ्यायची असेल तर या. शेठजी जिनेशच्या गाडीतून लगबगीने आले. अंगणात फुलवंताबाई बसली होती. आता तिचीही पाठ वाकली होती, मेंढ्या पोरांच्या हाती होत्या. तिने शेठजींना वरपासून खालपर्यंत बघितलं. कापडवाल्याचं माप पहिल्यांदाच दुसरं कुणी घेत होतं.

"व्हई," ती म्हणाली. "पन लोकर कातरसूत, मंग कातसूत, मंग विनसूत. पुढला हिवाळा."

"आणि हा हिवाळा?" शेठजींचा आवाज अगदी बारीक झाला.

 सिंधुबाईने शेगडी पुढे ओढली, शेठजींच्या हातात चहाचा कप दिला आणि अंगावरची घोंगडी काढून त्यांच्या अंगावर टाकली.

"चहा सरे तवलोंगच," तिने मुदत घालून दिली.

शेठजी घोट घोट चहा पीत राहिले. इतका हळू चहा त्या अंगणात कोणी प्यायला नव्हता. सिंधुबाई शेजारीच बसली होती. फुलवंताबाईशी मेंढ्यांच्या, सुनांच्या, गुडघ्यांच्या गप्पा मारत होती, हसत होती. घोंगडीचं एक टोक मात्र तिने मुठीत घट्ट धरलेलं होतं.