फुटाण्यांशिवाय गोळी नाही

रामदासपेठेतला आमचा सायकलवाला गिऱ्हाइकाकडे मान वर करून बघतसुद्धा नसे. पण नाल्यातून उचलून आणलेल्या आंधळ्या कुत्र्याची मात्र त्याला फार काळजी. कुत्र्याला फिट येई, म्हणून रोज दुपारी गोळी. आधी सायकलवाल्याने कुडुमकुडुम फुटाणे खाल्लेले ऐकू आले, तरच ते तोंड उघडी.

"नुसतं तोंड वाजव ना," मी एकदा म्हणालो.

"आंधळं हाय गा ते, येडं नाही."

एके दिवशी त्याची दाढ सुजली. माझं पंक्चर अर्धवट सोडून त्याने फुटाण्यांची पुडी माझ्यापुढे धरली.

"आज चतुर्थी आहे माझी."

"त्याले काय सांगू? गोळीची वेळ टळून राहिली."

कुत्र्याने कान माझ्याकडे वळवले. मी फुटाणे चावले. गोळी गेली.

सुजल्या गालाने सायकलवाला गंभीरपणे म्हणाला, "आता चंद्र निघेपर्यंत काही खाऊ नको."