सारवत नेलेली वाट

अर्जुनी मोरगावपासून थोड्या आडवाटेला असलेल्या त्या गावात लग्नघर सारवायचे असले की रुख्माबाईंना बोलावणे येते. नवरा वारल्यावर त्या सासरहून भावाकडे, ताराचंदकडे परतल्या, त्यालाही आता बराच काळ लोटला. त्यांच्या बोटांच्या अर्धगोल रेषा सारवणात जशा एकमेकींना बिलगून उमटतात, तशा दुसऱ्या कुणाच्या उमटत नाहीत, असे त्यांची भावजय अलका सांगते. सांगताना तिच्या स्वरात कौतुक असतेच, पण त्याहून अधिक असते ती कृतज्ञता. तिचे कारण गुंजन.

गुंजन ही अलका-ताराचंदची सात वर्षांची मुलगी. ती मोजकेच बोलते, रोजचे ठरलेले काही बदलले की कासावीस होते. गोंदियाच्या डॉक्टरांनी ही स्वमग्नतेची लक्षणे असल्याचे समजावले होते. कोणताही बदल आधी सांगा, हळूहळू करा, असेही बजावले होते. पण घरकुल मंजूर झाले, जुन्या मातीच्या घरामागे सिमेंटच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, आणि त्या आनंदात डॉक्टरांचे ते 'हळूहळू' सगळ्यांच्याच मनातून निसटले. गृहप्रवेशाला ताराचंदने रिवाजाप्रमाणे बुद्धवंदना ठेवली, पाहुणे बोलावले आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा भोंगा लावला. नव्या उंबऱ्यावर पाऊल पडताच गुंजनने कान गच्च दाबले आणि किंचाळत जुन्या घरात पळ काढला. त्यानंतर नव्या घराच्या दिशेने ती पाहीनाशीच झाली.

जुन्या घराची मागची भिंत मात्र गेल्या पावसाळ्यात खचली होती. पाऊस लागण्याआधी ते घर उतरवणे भागच होते. पोरीला उचलून न्यावे, चार दिवस रडेल, मग रुळेल, असे ताराचंदचे मत. अलकाला ते पटत नव्हते आणि दुसरे काही सुचतही नव्हते.

"उचलून नेशील, अना मंग?" रुख्माबाई भावाला म्हणाल्या. "मलेही असंच नेलं होतं लग्नात. सकाळी उठली, त आंगन दुसऱ्याचं. किती दिवस घास गोड लागला नाही. मले तोंड तरी होतं. इचं का?"

"मंग का करू बाई? पावसाले थांब म्हणू?"

"पावसाले नोको सांगू. मले शेन आनून दे."

रोज सकाळी रुख्माबाई जुन्या दारापुढची जागा सारवत, आणि गुंजन शेजारी उकिडवी बसून ओल्या शेणमातीत आपली बोटे फिरवी. आत्याच्या रेषेला स्वतःची रेष जोडणे, एवढाच तिचा दिवसातला निश्चिंत वेळ. भावाशी झालेल्या या बोलण्याच्या दुसऱ्या दिवशी रुख्माबाई नेहमीच्या कडेला थांबल्या नाहीत. हातभर पुढे गेल्या. गुंजनने क्षणभर पाहिले, आणि काहीतरी गुणगुणत तिथेही रेष ओढली. असे रोज थोडे थोडे करत तो सारवणाचा पट्टा घराच्या कडेने मागच्या अंगणाकडे वळला.

कुंपणापलीकडून शेजारच्या मंदाबाईंनी टोमणा हाणला. "रुख्माबाई, गोंदियाची सडक सारवून राहिली का?"

"आमच्या मागच्या घरापावेतो. तिथं पोचली का तुले चहाले बोलावीन."

एकदा मात्र आभाळ भरून आलेले पाहून रुख्माबाईंनी घाई केली. एकाच सकाळी त्यांनी पट्टा थेट नव्या पायरीशी नेला. गुंजन तडक उठली, जुन्या दाराशी जाऊन बसली आणि बोट मातीला लावीना. अलकाला वाटले, सगळे पाण्यात गेले. रुख्माबाईंनी खुरप्याने जास्तीचे सारवण खरवडून काढले. "चुकलं माह्यं, गुंजा," एवढेच त्या म्हणाल्या. दोन दिवस पट्टा तिथेच थांबला. तिसऱ्या दिवशी पोरगी आपणहून त्याच्या टोकाशी येऊन बसली.

अखेर ती ओली वाट उंबऱ्यापाशी आली. आत अलकाने हौसेने निवडलेली गुळगुळीत, पांढरी टाइल. रुख्माबाईंनी भावजयीकडे पाहिले. अलकाने होकाराची मान हलवली.

"टाइलवर शेन?" ताराचंद पुटपुटला. "पाहुणे का म्हनतील?"

"पाहुन्यायले बाहेर बसव."

गुंजन सारवणामागून सरकत सरकत आत गेली. खोलीच्या मध्यावर आत्याची रेष संपली, तिथे तिने आपली जोडली. मग उठून जुन्या घरात गेली. अलका उंबऱ्यापर्यंत धावली. पण पोरगी परतली ती आपली कथडी, रोजची गोधडी, फरफटत, आणि पट्ट्याशेजारच्या कोरड्या टाइलवर ती अंथरून आडवी झाली.

जुन्या घराच्या छपरावरची कवेलू उतरवायची तेव्हा रुख्माबाईंनी तिला आधीपासून रोज सांगितले, आणि काम तिच्या देखत झाले. ती रडली, पण पळाली नाही.

वंदना पुन्हा ठेवली, या वेळी भोंग्यावाचून. घरची माणसे आणि मंदाबाई. गुंजन दारात पाठमोरी बसून ऐकत होती. वंदना आटोपल्यावर अलका नणंदेच्या पायांशी वाकली.

"कायले वं?" रुख्माबाईंनी पाय आखडले.

अलका उठून स्वयंपाकाकडे वळली. तिने पहिले ताट वाढले, ते रुख्माबाईंपुढे ठेवले आणि त्यांचे जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिली.